खाडा, सुट्टी आणि रजा

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. 7 तारखेला दूधवाला आला नाही, 7 वर फुली. 19 ला पाहुणे आले, त्या चौकोनात बारीक अक्षरात ‘अर्धा जास्त’. महिनाअखेर हिशेब होतो तेव्हा दहा रुपयांचीही चूक निघत नाही. त्याच घरातला माणूस देवळीच्या एमआयडीसीत किंवा हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कामाला जातो. गेल्या वर्षी तुमचे कामाचे दिवस किती भरले, असं त्याला विचारून पाहा. उत्तर येतं, ‘थे आपिसात राह्यते ना जी.’

दुधाच्या खाड्यात फार तर पन्नास-शंभर रुपये असतात. कामाच्या दिवसांच्या मोजणीत दरवर्षी दोन-अडीच आठवड्यांचा पगार असतो. तरी ती मोजणी आपण दुसऱ्याच्या वहीवर सोडून देतो. भरपगारी रजा नावाची गोष्ट नेमकी कशी चालते, ती कोणाला लागू होते, कुठे अडते आणि कुठे बुडते, हे एकदा वही उघडून पाहायला हवं.

आधी शब्दांचा गुंता सोडवू, कारण बरेचसे वाद तिथेच सुरू होतात. वर्ध्याकडे कामावर न जाण्याला तीन शब्द आहेत. सगळ्यांना एकदम मिळते ती सुट्टी: रविवार, 15 ऑगस्ट, पोळा. रजा एकट्याची असते. ती साठवलेली असते, मागावी लागते आणि मंजूर व्हावी लागते. आणि न सांगता, किंवा सांगूनही शिल्लक नसताना घरी राहिलं तर तो खाडा. सुट्टीचा आणि रजेचा पगार मिळतो, खाड्याचा कापला जातो. पगाराच्या दिवशी खिडकीपाशी होणाऱ्या भांडणांपैकी निम्मी तरी याची असतात, की कामगार ज्याला रजा समजत होता तो वहीत खाडा म्हणून पडलेला असतो.

रजा साठते कशी? कारखान्यांसाठी याचा मूळ हिशेब 1948 च्या कारखाने अधिनियमाने घालून दिला: वीस दिवस काम, एक दिवस रजा. बँकेच्या आवर्त ठेवीसारखंच म्हणा. यंदा काम करायचं, पुढच्या कॅलेंडर वर्षात रजा वापरायची. पण एक उंबरठा होता. वर्षात 240 दिवस भरले तरच ही ठेव पुढच्या वर्षाच्या खात्यावर यायची.

आकडे घालून बघू. समजा, एक कामगार 2025 मध्ये 1 जानेवारीपासून नोकरीत आहे. वर्षाचे दिवस 365. त्यातून 52 रविवार गेले. सणावाराच्या आठ सुट्ट्या गेल्या. मागच्या वर्षीची साठलेली रजा त्याने 14 दिवस घेतली. आणि सहा खाडे झाले. दोन मुलीच्या तापात, एक मयतीला, तीन वावरात सोयाबीन काढायला. प्रत्यक्ष काम उरलं 285 दिवस. भागिले वीस, सव्वाचौदा. जुन्या कायद्याची तरतूद अशी की अर्धा किंवा त्याहून मोठा अपूर्णांक असेल तर पूर्ण दिवस धरायचा, त्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा. म्हणजे 2026 साठी त्याच्या खात्यावर 14 दिवस. सोयाबीनचे तीन आणि इतर दोन असे पाच खाडे टळले असते तर काम 290 दिवसांचं झालं असतं, भागाकार साडेचौदा आला असता, आणि रजा 15. पाच खाड्यांत पाच दिवसांची मजुरी गेली आणि वर एक रजाही गेली. हा शेवटचा एक दिवस कोणी मोजत नाही.

इथे एक बारकावा आहे, तो समजला की अर्धा कायदा समजला. 240 दिवस भरले का, हे बघताना काही न केलेलं कामही मोजलं जातं: मालकाने काम नाही म्हणून बसवून ठेवलेले ले-ऑफचे दिवस, प्रसूती रजेचे आठवडे, आणि मागच्या वर्षीची कमावलेली जी रजा यंदा घेतली ते दिवस. वरच्या कामगाराचे उंबरठ्यासाठीचे दिवस म्हणून 285 अधिक 14, असे 299 होतात. पण या दिवसांवर नवी रजा साठत नाही. उंबरठा ओलांडायला ते उपयोगी, वीसने भागायला नाहीत. काही ठिकाणी हे दोन्ही आकडे एकच समजून हिशेब करतात, आणि तो नेहमी कामगाराच्या विरुद्ध बाजूनेच चुकतो, हे मी पुष्कळ वर्षं पाहत आलो आहे.

हा हक्क आला कुठून, हेही थोडक्यात सांगतो, कारण आठवड्याची सुट्टी आणि भरपगारी रजा या दोन गोष्टींची लोक हमखास सरमिसळ करतात. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणीमालकांनी 1890 च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मान्य केली. ती विश्रांतीची सुट्टी होती. घरी बसल्याचा पगार हा मुद्दा तेव्हा लांबच होता. आपल्या हिंगणघाटला बन्सीलाल अबीरचंद यांची गिरणी 1881 मध्ये सुरू झालेली. म्हणजे त्या गिरणीत लागलेल्या पहिल्या पिढीने वर्षाची भरपगारी रजा ही गोष्ट कधी पाहिलीच नाही. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1936 मध्ये भरपगारी रजेचा करार केला, त्यातही वर्षाला निदान सहा दिवस एवढीच अपेक्षा होती. आपल्याकडे ती कायद्यात आली डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना. 1945 च्या दुरुस्तीने बारा महिने सलग नोकरी झालेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. तीन वर्षांनी आलेल्या 1948 च्या कायद्याने ठोक दहा दिवसांऐवजी ‘वीसला एक’ हे प्रमाण आणलं, ते आजवर टिकून आहे.

बदलला तो उंबरठा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या. कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 ने घेतली. जुन्या कायद्यांखालच्या तरतुदी आणि नियम संक्रमणाच्या काळात चालू राहतील, असं केंद्राने तेव्हाच सांगितलं. त्यामुळे काही दिवस टेबलावर दोन्ही पुस्तकं उघडी ठेवावी लागतात. नव्या संहितेत 240 चे 180 झाले. वर्षाच्या मध्ये लागलेल्यांसाठीचा नियमही सैल झाला. पूर्वी रुजू झाल्यापासून डिसेंबरअखेर जेवढे दिवस उरले त्यांच्या दोन-तृतीयांश दिवस काम लागायचं; आता एक-चतुर्थांश पुरतं. 1 जुलैला लागलेल्याला डिसेंबरअखेर 184 दिवस मिळतात. जुन्या हिशेबाने त्याला 123 दिवस भरावे लागत, नव्याने 46.

रजा साठली. आता ती घ्यायची कशी, तर लेखी अर्ज देऊन. कारखाने अधिनियमात पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा असं होतं, आणि वर्षात तीन हप्त्यांत ती घेता येत असे. आजारपणासाठी हवी असेल तर पंधरा दिवसांची अट नव्हती. ताप काही पंधरा दिवस आधी नोटीस देऊन येत नाही. रजेच्या मध्ये किंवा टोकांना येणारी सुट्टी रजेत मोजायची नाही, हे जुन्या कायद्यातही होतं आणि नव्या संहितेतही आहे. सोमवारपासून पुढच्या मंगळवारपर्यंत गावी गेलात तर कॅलेंडरचे नऊ दिवस होतात, खात्यातून जायचे आठ. मधला रविवार तुमचाच आहे. काही कंपन्या ‘सँडविच’ म्हणून दोन रजांच्या मधला रविवारही गिळतात. कमावलेल्या रजेच्या बाबतीत त्या सँडविचला कायद्याचा आधार नाही.

रजेच्या दिवसाचा पगार किती? जुन्या कायद्यात रजेवर जाण्याच्या आधीच्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची सरासरी कमाई धरत. महागाई भत्ता त्यात येई, ओव्हरटाइम आणि बोनस येत नसे. उक्त्या कामावरच्या माणसाला ही सरासरी फार महत्त्वाची, कारण त्याला ठरलेला रोज नसतो. नव्या संहितांनी वेतनाची व्याख्याच बदलली. मूळ पगार लहान दाखवून बाकी सगळं भत्त्यांत टाकण्याची जी चाल आहे, तिला तिथे आळा आहे: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. बारा हजारांत चार हजार ‘बेसिक’ आणि आठ हजार ‘इतर’ अशी पगारपत्रकं ज्यांच्या घरात आहेत, त्यांनी रजेचे पैसे कशावर काढलेत ते जरूर पाहावं.

वर्षात रजा उरली तर ती पुढे जाते, पण 30 दिवसांच्या वर नाही. याला एक अपवाद आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी ओळ हीच. तुम्ही अर्ज केला आणि मालकाने रजा नाकारली, तर ती नाकारलेली रजा कितीही साठू शकते. तिला तीसची मर्यादा नाही. नव्या संहितेत आणखी दोन गोष्टी आल्या. वर्षअखेरीस मागणी केली तर उरलेल्या रजेचे पैसे घेता येतात, आणि तीसच्या वर गेलेल्या दिवसांचेही पैसे मिळतात.

पण नाकारलेली रजा नाकारली होती हे दिसायला आधी मागितलेली दिसावी लागते. माझ्या एका नात्यातल्या माणसाने एका कारखान्यात सात वर्षं काढली. दर उन्हाळ्यात तो सुपरवायझरला तोंडी विचारायचा, सुपरवायझर ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणायचा. दोघांचे संबंध चांगले होते, दोघे एकाच टपरीवर चहा प्यायचे. नोकरी सोडताना खात्यावर 30 दिवस निघाले. वरचे सगळे दिवस गळून गेले होते. त्याने किती वेळा मागितली याचा कागदाचा कपटाही नव्हता. सुपरवायझरने त्याला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने ते मनातही धरलं नसेल. दोन ओळींचा अर्ज, त्याची झेरॉक्स आणि झेरॉक्सवर आवक क्रमांकाचा शिक्का किंवा नुसती सही, एवढं केलं असतं तर प्रश्न नव्हता. शिक्का मारायला कोणी तयार नसेल तर अर्जाचा फोटो काढून सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर टाकावा. निळ्या दोन खुणा पुढे कामी येतात.

आता हिंगणघाटला येऊ. कारण वर सांगितलेलं सगळं बारमाही कारखान्याचं झालं, आणि या जिल्ह्याची खरी गोम हंगामी कामात आहे.

दिवाळीनंतर कापूस बाजार समितीत यायला लागतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, जिनिंगच्या आवारात पांढरे ढीग पडतात. आत रेचे सुरू झाले की सरकी एका बाजूला, रुई दुसऱ्या बाजूला, पुढे प्रेसमध्ये गाठी. बाया कापूस पसरवतात, कवडी वेचतात, गडी गाठी बांधतात आणि लोटतात. सगळ्यांच्या भुवयांवर आणि पापण्यांवर कापसाचा भुरा बसलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये आवक आटते, रेचे थांबतात, माणसं घरी जातात. या हंगामात 240 दिवस भरणं शक्यच नाही. 180 सुद्धा अवघड, कारण हंगाम दोन कॅलेंडर वर्षांत तुटतो. म्हणून जिनिंगमधल्या कोणालाही विचारा, मजूर असो की मुकादम, उत्तर एकच: ‘हंगामी माणसाले कायची रजा?’

हे उत्तर चुकीचं आहे. का, ते आकड्यांनीच दाखवतो.

समजा, एक बाई 17 नोव्हेंबर 2025 ला जिनिंगवर लागली. डिसेंबरअखेर उरले 45 दिवस. त्यांचा चौथा हिस्सा म्हणजे सव्वाअकरा. तिने सहा रविवार सोडून 39 दिवस काम केलं. म्हणजे वर्षाच्या मध्ये लागलेल्यांची अट तिने केव्हाच ओलांडली. जुन्या कायद्याच्या दोन-तृतीयांशानेही 30 दिवस होतात, तेही भरले. 39 ला वीसने भागलं की जवळजवळ दोन. पुढच्या वर्षासाठी तिच्या खात्यावर दोन दिवस रजा आली. मग 1 जानेवारी ते 15 एप्रिल 2026. दिवस 105, रविवार 15. सुट्ट्या आणि खाडे मिळून दहा धरू. काम झालं 80 दिवस. 180 चा उंबरठा लांबच राहिला, म्हणून सगळे समजतात की हे 80 दिवस वाया गेले.

ते वाया जात नाहीत. संहितेत एक कलम आहे, आणि जुन्या कारखाने अधिनियमातही ते होतंच. कामगाराला कामावरून कमी केलं, काढलं, त्याने स्वतः सोडलं किंवा तो वारला, तर त्याने आवश्यक दिवस भरले नसले तरी वीसला एक या दराने त्याच्या रजेचे पैसे द्यायचे. उंबरठा आहे तो रजा घेण्यासाठी. नोकरीतून बाहेर पडताना तो नाही. 80 भागिले 20 म्हणजे चार. आधीचे दोन. हंगाम संपून नाव कमी झालं त्या दिवशी तिचे सहा दिवसांच्या मजुरीचे पैसे निघतात. रोज पाचशे धरला तर तीन हजार. आणि ते दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत द्यायचे. कामगार वारला असेल तर वारसाला दोन महिन्यांत.

तीन हजार म्हणजे फार मोठी रक्कम नाही, हे मान्य. पण एप्रिल-मे हे वर्ध्यातले बिनकामाचे महिने असतात; त्या दिवसांत शाळेच्या वह्या आणि बियाण्याची सोय एकदमच समोर उभी असते. आणि एका जिनिंगवर पन्नास माणसं असतील तर हाच आकडा दीड लाख होतो. मग हिशेबाच्या दिवशी या रकमेचा उल्लेख का होत नाही, हे वेगळं सांगायला नको.

मध्ये ठेकेदार असला की गाडी आणखी अडते. ‘ठेकेदार बदलला, आता नवी सुरुवात,’ असं सांगून दरवर्षी खातं शून्यावर आणण्याची पद्धत बारमाही कारखान्यांतही आहे. ठेकेदार बदलू शकतो, पण मग जुन्या ठेकेदाराकडची नोकरी संपली, आणि नोकरी संपली की वरचंच कलम लागू. जुन्याने रजेचे पैसे चुकते करायचे. ठेकेदाराने वेतन दिलं नाही तर मूळ मालकावर जबाबदारी येते. शून्यावरून सुरुवात करायला हरकत नाही, आधीची शिल्लक हातात पडलेली असली म्हणजे झालं.

दुकानांचं, हॉटेलांचं, शोरूमचं आणि खासगी कार्यालयांचं शास्त्र वेगळं आहे. तिथे राज्याचा 2017 चा दुकाने व आस्थापना अधिनियम आहे. कमावलेल्या रजेचं गणित तेच, 240 दिवस आणि वीसला एक; फक्त साठवण 45 दिवसांपर्यंत. त्याशिवाय वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा, म्हणजे आपली सीएल. ती दर तिमाहीला दोन-दोन अशी जमा होते आणि 31 डिसेंबरला उरलेली मरते. म्हणून डिसेंबरात सगळ्यांच्याच घरी लग्नं आणि वास्तुशांती निघतात. कारखान्यांच्या कायद्यात मात्र सीएल नव्हतीच. कारखान्यात ती मिळत असेल तर युनियनच्या करारामुळे किंवा स्थायी आदेशांमुळे, म्हणून एका कारखान्यातली सीएल दुसऱ्यात दाखवून भांडता येत नाही.

याच अधिनियमात आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. (सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे तिथे 2 ऑक्टोबरला दुकान उघडायला मालकालाच संकोच वाटतो.) उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी, स्थानिक परंपरेप्रमाणे ठरवायच्या. हे ‘स्थानिक परंपरेप्रमाणे’ नीट वाचावं. मुंबईत मुख्य ऑफिस असलेल्या कंपन्यांची यादी तिथूनच छापून येते. त्यात गणपती असतो, पोळा नसतो. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार फिरत असताना बापाला कामावर जावं लागतं. डिसेंबरात यादी ठरताना कोणी तोंड उघडलं तर पोळा त्यात येऊ शकतो. ऑगस्टमध्ये आठवण झाली तर उशीर झालेला असतो. सणाच्या सुट्टीला कामावर बोलावलं तर त्या दिवसाचा दुप्पट पगार आणि वर बदली सुट्टी द्यावी लागते.

पण हा अधिनियम दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेलाच लागू झाला. 1948 चा जुना मुंबई दुकाने अधिनियम दोन नोकरांच्या दुकानालाही लागू होता. 2017 ला छोट्या दुकानदारांची कागदपत्रांतून सुटका झाली याचं कौतुक झालं, आणि त्याच फटक्यात त्यांच्या नोकरांची कायद्याची रजा गेली याची बातमी कोणी केली नाही. वर्ध्याच्या बाजारपेठेत फिरून पाहा. कापडाचं, किराण्याचं, भांड्यांचं, मोबाइलचं, कुठेही दहा माणसं कामाला असलेलं दुकान शोधावं लागेल. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. व्यवसायसुलभता म्हणतात ती ही. कोणासाठी सुलभ, हे गल्ल्यामागे बसलेल्याला आणि गल्ल्यापुढे उभ्या असलेल्याला वेगवेगळं दिसतं.

सरकारी सुट्टी म्हणजे आपल्यालाही सुट्टी, हाही एक रूढ गैरसमज आहे. राजपत्रात येणाऱ्या सुट्ट्या सरकारी कार्यालयांच्या आणि बँकांच्या. खासगी मालकावर त्या आपोआप बंधनकारक होत नाहीत. जिल्हाधिकारी जाहीर करतात त्या स्थानिक सुट्ट्यांचंही तेच. मतदानाचा दिवस मात्र वेगळा. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम 135-ब प्रमाणे मतदार असलेल्या प्रत्येक नोकराला त्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी लागते, आणि ज्याला एरवी सुट्टीचा पगार मिळत नाही अशा रोजंदारीच्या माणसालाही त्या दिवसाची मजुरी द्यावी लागते. मालकाने मोडलं तर दंड मात्र पाचशे रुपयांपर्यंतच.

सरकारी नोकरांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याकडे नियमपुस्तक असतं आणि ते त्यांना पाठ असतं. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे 1 जानेवारी आणि 1 जुलैला पंधरा-पंधरा दिवस अर्जित रजा आगाऊ जमा होते, 300 दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीच्या वेळी तिचं रोखीकरण होतं. वर्षाला वीस दिवस अर्धवेतनी रजा, आणि दोन अर्धवेतनी देऊन एक पूर्ण पगाराची परिवर्तित रजा. नैमित्तिक रजा आठ. गंमत म्हणजे इथे सँडविच नियमातच आहे: अर्जित रजेच्या मधले रविवार रजेतच जातात, टोकांचे मात्र जोडून घेता येतात. बाकी जिनिंगवरच्या बाईचं आणि तहसीलमधल्या कारकुनाचं रजेचं जग एकमेकांना ओळखही देत नाही.

आजारपणाची रजा खासगीत वेगळी मिळतेच असं नाही. तिची जागा ईएसआयने, म्हणजे कामगारांच्या राज्य विमा योजनेने, घेतलेली आहे, जिथे ती योजना लागू आहे आणि पगार महिना 21,000 च्या आत आहे तिथे. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात 78 दिवसांची वर्गणी भरली असली की पुढे त्याच्या लाभकाळात आजारपणाचे वर्षाला 91 दिवसांपर्यंत पैसे मिळतात, वेतनाच्या 70 टक्के. पहिले दोन दिवस सहसा कोरडे जातात. प्रसूतीची रजा 26 आठवड्यांची आहे, तिसऱ्या अपत्यापासून 12. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असलं की पुरे.

आणि सालदार? गुढीपाडव्याला ज्याचं साल ठरतं त्याचा यातल्या कुठल्याच पुस्तकात पत्ता नाही. सालाचे पैसे, ज्वारीची पोती, एखादं धोतर, हे सगळं तोंडी ठरतं. त्यातच रजाही तोंडी ठरते. पोळ्याला बैलांची खांदेमळणी करून गडी मोकळा. त्यापलीकडचा प्रत्येक दिवस खाडा, आणि साल संपताना मालकाच्या डायरीत तो पैशांत मांडलेला असतो. सालदाराची शिकलेली पोरं आता बापाचे खाडे मोबाइलमध्ये लिहून ठेवतात, असं एकाने मला सांगितलं. हिशेबाच्या दिवशी दोन वह्या समोरासमोर आल्या आणि मालकाच्या वहीतले चार खाडे कमी झाले.

तेच जिनिंगवर आणि एमआयडीसीत करता येतं. दुधाच्या कॅलेंडरवर कामाच्या दिवसाला एक टिंब द्यायचं, ओव्हरटाइम झाला तर दोन, रजेला ‘र’, ज्या दिवशी गेटवरून परत पाठवलं त्या दिवसाला ‘प’. हे ‘प’ विसरू नका, तेच ले-ऑफचे दिवस. वर्षाच्या शेवटी टिंब असलेल्या दिवसांना वीसने भागायचं आणि पगारपत्रकातल्या ‘ईएल’, म्हणजे कमावलेल्या रजेच्या, रकान्याशी ताडून पाहायचं. जुळलं नाही तर आधी टाइम ऑफिसात शांतपणे विचारावं, कारण बऱ्याचदा ती कारकुनाची चूक असते आणि तो ती दुरुस्त करतो. नाही केली तर लेखी द्यावं, आणि त्यानेही भागलं नाही तर वर्ध्याला सरकारी कामगार अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे. तिथे पहिला प्रश्न येतो तो दिवस किती भरले हाच. मालकाचं हजेरीपुस्तक मागवता येतं, पण तुमच्याकडे तुमचा आकडा असला तर त्या पुस्तकात काय शोधायचं हे साहेबांना सांगता येतं.

वेतन संहितेखाली बुडालेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. तेव्हा नवं कॅलेंडर खिळ्याला लावताना जुनं रद्दीवाल्याला देऊ नका. मागचं, त्यामागचं आणि त्याच्याही मागचं, अशी तीन कॅलेंडरं एकावर एक त्याच खिळ्याला राहू द्या.